साडी खोटी निघाली, आणि आता विकणारा आईच्या दुपारच्या वेळा सांगतोय

अबोली_पुणे

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचत असते. आज लिहितेय, कारण तीन रात्री झोप नाही आणि घरात कुणाला धड सांगितलेलंही नाही.

आईला पुढच्या महिन्यात पंचाहत्तर पूर्ण होतात. तिच्या लग्नातली पैठणी कधीच विरली, म्हणून नवी घ्यायची ठरवली. ऑनलाइन एक पान सापडलं. हातमागाचा व्हिडिओ, खाली 'शंभर टक्के हातमाग, येवला', आणि 'परत घेतली जाणार नाही'. जांभळी, मोराच्या पदराची, १४,५०० रुपये. यूपीआयने पैसे भरले आणि पार्सल थेट आईकडे, सिंहगड रोडला मागवलं.

साडी सुंदर दिसते. पण पदर उलटा केला तर मागे नुसते धागे लोंबताहेत आणि त्यावर जाळीचं कापड शिवलंय. विचारलं तर आधी "ताई, सगळ्या अशाच असतात." मग "वापरून परत करायचा धंदा आहे का तुमचा?" मी त्याच्या व्हिडिओखाली एवढंच लिहिलं, की मला आलेली साडी हातमागाची वाटत नाही, पैसे परत हवेत.

त्या रात्री ११:४० ला दोन मुके फोन. मग एक आवाजी निरोप. शांत आवाजात, जवळजवळ प्रेमाने: "आई दुपारी एकट्याच असतात ना? ऐकूपण कमी येतं त्यांना." दुसऱ्या दिवशी आईच्या बिल्डिंगच्या गेटचा फोटो आला. खाली एक अक्षर नाही.

आईचं त्याला कसं कळलं? मीच सांगितलं होतं. ऑर्डर देताना लिहिलं होतं, "दुपारी आई एकटी असते, कमी ऐकू येतं, बेल दोन-तीनदा वाजवायला सांगा."

घाबरून मी कमेंट काढून टाकली. आता प्रश्न असा, की पत्ता त्याच्याकडे आहे म्हणून १४,५०० सोडून द्यायचे का? आणि शिवी नाही, उघड धमकी नाही, अशा निरोपावर पोलीस काही करतात का?

---

चैत्रबन

अबोली, बाकी सगळं नंतर. आज संध्याकाळी आईला सांग. तिला माहीतच नसेल तर उद्या कुणी "साडी बदलून द्यायला आलोय" म्हणत दारात उभं राहिलं की ती दार उघडेल. शेजारी, वॉचमन, सोसायटीचे सेक्रेटरी, तिघांनाही कल्पना दे. आणि ती कमेंट लिहिलीस ते काही चुकलं नाही तुझं.

---

मध्यममार्गी

मला विचाराल तर सोडून द्या. चौदा हजार मोठी रक्कम आहे हे कळतं, पण आईच्या जिवाला घोर लावून ते परत मिळवायचे? नंबर ब्लॉक करा आणि विषय संपवा. असे लोक आपण गप्प बसलो की दुसरं गिऱ्हाईक शोधतात.

---

वाघूर

मध्यममार्गी, पूर्ण असहमत. ती गप्प बसलीच आहे की, कमेंट काढलीच आहे. त्याला कळलं, फोटो पाठवला की बाई माघार घेते. पुढच्या बाईला तो पहिल्याच दिवशी फोटो पाठवेल. शिवाय आत्ता ब्लॉक केलं तर तो पुढे काय लिहितो ते कळायचंही नाही.

---

मध्यममार्गी

वाघूर, दुसऱ्याच्या आईच्या जिवावर शूर होणं सोपं असतं. माझी आई गावी एकटी राहते, म्हणून लिहिलं.

---

येवल्याचा_धोटा

ताई, आमच्या घरात तीन पिढ्या माग आहे, म्हणून साडीपुरतं बोलतो.

तुम्ही जे बघितलंत तीच खरी खूण. हातमागावर पदराचा मोर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते. रंग जिथे संपतो तिथे धागा शेजारच्या धाग्यात अडकवून मागे वळवायचा, पुढे ओढत न्यायचा नाही. त्यामुळे पदर उलटा केला तरी मोर जवळपास तसाच दिसतो. यंत्रमागावर जॅकार्डने, म्हणजे नक्षी आपोआप विणणाऱ्या जोडणीने, धागा मागून लांबवर फिरतो, नंतर तो कापतात, आणि टोचू नये, दिसू नये म्हणून जाळी शिवतात. मोराच्या पदरामागे जाळी दिसली की माझ्यापुरता विषय संपला.

सेमी पैठणी, म्हणजे अशी यंत्रमागावरची, विकणं गुन्हा नाही. येवल्यातही मिळते, दोन-तीन हजारांत मिळते, बायका हौसेने नेसतात. पण ती सेमी म्हणून विकावी. भरगच्च पदराला कारागीर कित्येक आठवडे मागावर बसतो. त्याच्या नावावर ही साडी खपवली, की तुमच्याबरोबर तोही लुटला जातो.

साडीला लेबल कोणतं होतं?

---

अबोली_पुणे

सिल्क मार्कचं होतं. मला वाटलं तेच पुरेसं असतं.

---

येवल्याचा_धोटा

तिथेच बरेच जण फसतात. सिल्क मार्क सांगतो की रेशीम शुद्ध आहे. माग हाताचा की यंत्राचा, याबद्दल तो काही बोलत नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमालाही तो मिळतो. मागासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो, २००६ पासून आहे. आणि ते सिल्क मार्कचं लेबल तरी खरं आहे का ते बघा. त्यावर क्रमांक असतो, पडताळता येतो.

---

सुगरण_नागपूर

धागा जाळून बघायची युक्ती माझ्या सासूबाईंची. रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. त्या लग्नात आहेराच्या साड्यांचे धागे उदबत्तीवर धरायच्या, आम्ही मेलं लाजून चूर व्हायचो. आज त्यांची फार आठवण आली.

---

कलमनवीस

वीस वर्षं वकिली करतोय, त्यातली बरीच ग्राहक आयोगासमोर. सविस्तर लिहितो, कारण इथे दोन भांडणं एकात एक गुंतलीत आणि ती सोडवल्याशिवाय वाट दिसणार नाही.

पहिलं भांडण साडीचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० साली ई-कॉमर्सचे नियम आले. जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील तर विक्रेता तो परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. पानावर 'परत घेतली जाणार नाही' लिहून ठेवलं तरी फरक पडत नाही. एखाद्याने घरातली एखादी वस्तू एकदाच विकली तर गोष्ट वेगळी, पण हा नियमित धंदा करतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे आज तक्रार नोंदवा आणि क्रमांक घ्या. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि 'ई-जागृती' या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. वकील लागतोच असं नाही. हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत मिळतो, हे फार थोड्या जणींना माहीत असतं.

दुसरं भांडण त्या निरोपाचं आणि फोटोचं. ते पैशांच्या तक्रारीत मिसळू नका. पोलीस ठाण्यात "साडी खोटी निघाली" अशी सुरुवात केलीत की समोरचा म्हणणार, ग्राहक मंचात जा. सुरुवात अशी करा: "एक अनोळखी माणूस माझ्या वृद्ध आईच्या एकटेपणाचा उल्लेख करून आणि घराचा फोटो पाठवून मला तक्रार मागे घ्यायला भाग पाडतोय." भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१, गुन्हेगारी धाकदपटशा. त्यासाठी शिवी लागत नाही, "मारीन" हा शब्दही लागत नाही. भीती घालून तुम्हाला हक्काची गोष्ट करण्यापासून रोखणं, हाच त्याचा गाभा.

खोटी आशा लावत नाही. अशा धमकीची नोंद बहुतेकदा अदखलपात्र म्हणून होते, म्हणजे लगेच कुणी त्याला उचलून आणणार नाही. तरी ती नोंद हवी, कारण दुसऱ्यांदा काही घडलं तर तुमची बाजू कोऱ्या कागदावरून सुरू होत नाही. अर्ज लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. cybercrime.gov.in या केंद्राच्या पोर्टलचं काम नंतर, आधी ठाणं.

आणि वाघूर म्हणतात ते बरोबर. पुरावा जपल्याखेरीज ब्लॉक करू नका.

---

वाचनखूण

"दोन भांडणं एकात एक गुंतलीत" हे वाचून माझंही एक जुनं प्रकरण डोक्यात सुटं झालं. धन्यवाद काका.

---

तांत्रिक_तात्या

पुराव्याबद्दल. त्याचा नंबर नाव घालून साठवला असेल तर स्क्रीनशॉटवर फक्त नाव दिसतं. प्रोफाइल उघडून नंबर दिसेल असा वेगळा शॉट घ्या. संभाषण पहिल्या 'नमस्कार'पासून आजपर्यंत हळूहळू सरकवत स्क्रीन रेकॉर्ड करा. चॅट एक्सपोर्ट करून स्वतःलाच मेल करा. आवाजी निरोपाची फाइल वेगळी साठवा, कारण त्याने 'सर्वांसाठी डिलीट' केलं तर ती हातची जाईल. कमेंट काढलीत, पण त्याचा 'शंभर टक्के हातमाग'वाला व्हिडिओ अजून आहे ना? त्याचंही रेकॉर्डिंग आजच करा. फोन बदलू नका, मूळ संदेश त्यातच राहू दे.

---

अबोली_पुणे

व्हिडिओ अजून आहे, घेतला. माझ्या त्या कमेंटचा शॉट भावाकडे निघाला, मी त्याला तेव्हा पाठवला होता.

आईला सांगितलं. मला वाटलं होतं घाबरेल. ती म्हणाली, "पदर मला आधी दाखवला असतास तर मीच सांगितलं असतं."

---

रांगडा_सातारकर

ताई, त्या माणसाचा नंबर आणि पानाचं नाव इथं टाका. आम्ही पाचपन्नास जण फोन करतो, दोन दिवसांत पैसे परत येतील. पत्ता असंल तर चार पोरं घेऊन जातो.

---

अॅडमिन_मंडळ

कुणाचाही नंबर, पत्ता, फोटो या धाग्यावर टाकू नये. टाकल्यास प्रतिसाद काढला जाईल.

---

कलमनवीस

सातारकर, तुमची माया कळते. पण पन्नास जणांनी फोन केले की उद्या तोच ठाण्यात जाऊन म्हणेल, मला धमक्या येताहेत. आज तिचा कागद स्वच्छ आहे. तो तसाच राहू द्या.

---

घरगुती_फराळ

मी गेली नऊ वर्षं घरून फराळाचे डबे विकते. विकणाऱ्याच्या बाजूने थोडं.

गिऱ्हाईकंही त्रास देतात, खरंच देतात. दिवाळीत अर्धा डबा संपवून "चकली मऊ होती, पैसे परत करा" म्हणणारे भेटतात. साड्या विकणाऱ्या मैत्रिणीकडे कार्यक्रमात नेसलेली, अत्तराचा वास येणारी साडी "आवडली नाही" म्हणून परत आलीय. त्यामुळे तो पहिल्यांदा चिडला असेल तर मी समजू शकते.

पण पुढचं नाही. माझ्या वहीत चारशे-पाचशे घरांचे पत्ते आहेत. कुठल्या घरी आजोबा एकटे असतात, कुठे बाळ झोपतं म्हणून बेल वाजवायची नाही, कुणाला मधुमेह आहे म्हणून बिनसाखरेचे लाडू लागतात, सगळं त्यात लिहिलंय. लोकांनी ते डबा नीट पोचावा म्हणून सांगितलेलं असतं. ती दुसऱ्याची ठेव आहे आणि ती अशी वापरणारा माझ्या लेखी विक्रेताच नाही. अबोली, तू डिलिव्हरीसाठी लिहिलंस त्यात तुझी काही चूक नाही. आम्हाला सगळेच तसं लिहितात.

---

मध्यममार्गी

फराळताई, हा प्रतिसाद दोनदा वाचला.

---

नकाशेवाला

एक शंका. गेटचा फोटो कसा आहे? थोड्या उंचावरून, रस्त्याच्या मधून काढल्यासारखा, कडा किंचित ताणलेल्या, माणसांचे चेहरे किंवा गाड्यांच्या पाट्या पुसट? गूगलच्या नकाशात रस्त्यावरून दिसणारी चित्रं असतात. भारतात २०२२ च्या जुलैमध्ये ती सुरू झाली तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणं होतं. नकाशात आईचा पत्ता उघडून ताडून बघा. चित्र कधीचं आहे तेही तिथे दिसतं.

---

अबोली_पुणे

अंगावर काटा आलाय. तेच आहे, जसंच्या तसं.

आणि हे मला आधी दिसायला हवं होतं. फोटोत गेट हिरवं आहे. सोसायटीने गेल्या दिवाळीच्या आधी रंग काढला, तेव्हापासून गेट चॉकलेटी आहे. मी तो फोटो शंभर वेळा बघितला असेन, पण दर वेळी फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या आईच्या खिडकीकडे.

तो तिथे आलाच नव्हता. मी स्वयंपाकघरात बसून रडले.

---

चैत्रबन

अगं बाई. आता थोडं झोप आधी.

---

वाघूर

फार मोठा दिलासा. तरी वॉचमनला सांगितलंय ते तसंच राहू द्या.

---

कलमनवीस

नकाशेवाले, शाबास. अबोलीताई, फोटो घरबसल्या काढला म्हणून धमकीचं वजन कमी होत नाही, तो कशासाठी पाठवला ते महत्त्वाचं. अर्जात दोन्ही लिहा: फोटो आला, आणि तो नकाशातला असावा असं दिसतं. स्वतःहून खरं सांगितलेलं पुढे फार उपयोगी पडतं.

आता त्याला एकच लेखी निरोप पाठवा. तारीख, रक्कम, त्याच्या जाहिरातीतले शब्द, साडीत दिसलेला दोष, पैसे परत करण्यासाठी सात दिवस, आणि "यापुढे फोन करू नका, जे सांगायचं ते लेखी सांगा." त्याच्या आवाजी निरोपाचा उल्लेखही नको. त्यानंतर उत्तर द्यायचं नाही.

---

दुबईकर

माझे सासरे नाशिकला एकटे असतात. हा धागा वाचून आज तीन गोष्टी केल्या. त्यांच्यासाठीच्या वस्तू आता खालच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर मागवणार, दुकानदार आनंदाने हो म्हणाला. 'घरी कोण कधी असतं' हे सूचनेच्या रकान्यातून काढलं. दाराला साखळी लावायला सुतार सांगितला.

---

येवल्याचा_धोटा

किराणा दुकानवाल्यावर विश्वास टाकणारी गावं अजून आहेत, बरं वाटलं.

---

अबोली_पुणे

नऊ दिवसांनी लिहितेय, उशीर झाला.

ठाण्यात भाऊ बरोबर होता. पहिल्या टेबलावर "ग्राहक मंचात जा" हेच ऐकलं. मी काकांनी सांगितलेलं वाक्य कागदावरून वाचून दाखवलं. मग एका महिला अंमलदारांनी आवाजी निरोप कानाला लावून दोनदा ऐकला आणि म्हणाल्या, "बसा, लिहून घेते." अदखलपात्र म्हणूनच नोंद झाली. त्यांनी तिथूनच त्याला फोन लावला. दोन मिनिटंही बोलणं झालं नाही. त्या रात्रीपासून मुके फोन बंद आहेत.

१९१५ वर तक्रार नोंदवली आहे, क्रमांक मिळाला. त्याला तो एक निरोपही पाठवला.

चौथ्या दिवशी त्याचं उत्तर आलं, अगदी गोड. "ताई, गैरसमज झाला, पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका."

---

तांत्रिक_तात्या

टाकला नाहीत ना??

---

अबोली_पुणे

नाही. बोट त्या बटणापर्यंत गेलं होतं, खोटं कशाला सांगू. पैसे येणार या आनंदात काही सुचत नाही. आई शेजारी होती. ती म्हणाली, "त्याचे पैसे आपल्याकडे यायचेत तर कुलूप आपण का उघडायचं?"

---

तांत्रिक_तात्या

आईंना माझा साष्टांग नमस्कार. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. हा निरोपही पुराव्यात घाला आणि १९१५ च्या तक्रारीला जोडा.

---

सुगरण_नागपूर

तुझ्या आईचं वाक्य माझ्या सासूबाईंनी म्हटलं असतं, अगदी असंच. पैसे आले का गं मग?

---

अबोली_पुणे

काल ९,००० आले, न सांगता. बाकीचे साडी परत मिळाल्यावर देतो म्हणतो. काका, साडी पाठवू का?

---

कलमनवीस

पूर्ण रक्कम येईपर्यंत पाठवू नका. आयोगासमोर जायची वेळ आली तर ती साडी आणि ती जाळी हाच तुमचा मुख्य पुरावा. "उरलेले ५,५०० जमा झाल्यावर तुमच्या खर्चाने कुरिअर घेऊन जावं" असं लेखी कळवा. आणि पाठवायची वेळ आली तर आधी पदराच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि पॅकिंगचा व्हिडिओ, मधे न थांबवता.

---

मध्यममार्गी

मी सुरुवातीला सोडून द्या म्हटलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत ते बरं झालं. माझ्या आईच्या घराच्या दाराला काल मीही साखळी लावली.

---

येवल्याचा_धोटा

ताई, पंचाहत्तरीला किती दिवस राहिले? आईंना घेऊन एकदा येवल्याला या. कुणाच्याही मागावर जा, माझ्याकडेच या असं नाही. मागाशेजारी बसा, पदर उलटा करून बघा, विणणाऱ्याशी बोला. घेतलीच पाहिजे असं काही नाही.

---

अबोली_पुणे

अठरा दिवस. आईला विचारलं. म्हणाली, "एसटीने जाऊ, खिडकीत बसते मी."

आता दुपारी बेल वाजली तर ती आधी गॅलरीत येऊन खाली बघते, मग विचारते कोण आहे, मग साखळी ठेवून दार उघडते. काल कुरिअरवाल्याला तिथूनच विचारलं म्हणे, "कुणी पाठवलंय ते आधी वाचून दाखवा, मोठ्याने, मला कमी ऐकू येतं."